उबेवर ठेवलेला बॉयलर

त्या इस्पितळात काकांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. सर्जन असोत, लिफ्टवाला असो, नाहीतर धुलाईखान्यातल्या बायका असोत, सगळ्यांचे ते काका. मागच्या अंगाला, धुलाईखान्याच्या भिंतीला लागून, काही पायऱ्या उतरून गेलं की त्यांची खोली. एक मोठा बॉयलर, छताखालून धावणारे जाड पाइप, एक लाकडी बाक आणि खुंटीवर लटकवलेला डबा. वॉर्डातलं आंघोळीचं पाणी, धुलाईखान्याची यंत्रं, थंडीतली खोल्यांची ऊब, सगळं इथून वर जायचं. वरच्या लोकांना नळ फिरवला की गरम पाणी येतं एवढंच ठाऊक. ते कुठून येतं हे विचारायची वेळ काकांनी त्यांच्यावर कधी आणली नव्हती, आणि याचा काकांना मनातून भलताच अभिमान होता.

काकू म्हणायच्या, "मला ताप आला तर कपाळाला हात लावायची आठवण होत नाही, त्या लोखंडाच्या पोटाला मात्र येता-जाता हात लावता." काका हसून सोडून द्यायचे. पण बोलणं खोटं नव्हतं. सकाळी खोलीत शिरलं की चपला काढायच्या आधी त्यांचा तळहात बॉयलरवर जायचा.

त्यांचा एक नियम होता. बॉयलर कधी गार पडू द्यायचा नाही. काम नसलं तरी तो उबेवर ठेवायचा. गार पडलेला बॉयलर पुन्हा तापायला अर्धा दिवस खातो, घाईने तापवला तर सांधे पाझरायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच वरून मागणी येते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, अंगावर शेकून कळलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एकदा दुरुस्तीच्या निमित्ताने त्यांनी बॉयलर गार होऊ दिला, आणि सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डात गरम पाणी नव्हतं. मुख्य परिचारिका स्वतः खाली आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाळांना आंघोळ घालायचा रिकामा टब काकांच्या पुढ्यात ठेवला आणि एक शब्द न बोलता पायऱ्या चढून गेली. त्या दिवशी काकांनी कानाला खडा लावला. पुढे त्याच संस्थेची आणखी तीन इस्पितळं उभी राहिली. तिथले बॉयलरवाले काम शिकायला काकांकडे यायचे, आणि पहिल्या दिवशी पहिली गोष्ट काका त्यांना हीच सांगायचे.

थोरल्या भावाची नोकरी बदलीची, म्हणून त्याची मुलगी शाळेच्या वयात काका-काकूंकडेच वाढली. घरी तिचं नाव चिमणी. थंडीच्या दिवसांत शाळा सुटली की ती थेट बॉयलरच्या खोलीत यायची आणि बाकावर उबेला बसून गृहपाठ करायची. मधेच पाइपाला कान लावून म्हणायची, "काका, हा काहीतरी बोलतोय." काका म्हणायचे, "तुझी चुगली करतोय, गणितं अर्धी राहिलीत म्हणून." पुढे ती शिकली, इंजिनिअर झाली आणि फिरून त्याच संस्थेत इमारतींची मुख्य इंजिनिअर म्हणून आली. काकांची छाती फुगली. चारचौघांत ते तिला "मॅडम" म्हणायला लागले. ती चिडायची, आणि ती चिडते म्हणून ते आणखी म्हणायचे.

आल्या आल्या चिमणीने एक ध्यास घेतला. गॅसवर चालणारं इंजिन बसवायचं. त्यावर इस्पितळाची वीज घरच्या घरी तयार होईल. इंजिनाची जी उष्णता एरवी हवेत उडून जाते ती पकडून पाणी तापवायचं, आणि उन्हाळ्यात त्याच उष्णतेवर दुसरं एक यंत्र चालवून ऑपरेशनच्या खोल्या गार करायच्या. एका गॅसवर वीज, गरमी आणि गारवा. इस्पितळातल्या लोकांनी ते यायच्या आधीच त्याचं नाव 'थ्री-इन-वन' ठेवून टाकलं.

"उष्णतेने गार करणार?" काका म्हणाले. "उद्या म्हणशील, पाणी ओतून दिवा लावते."

"चालतं काका ते. बघालच तुम्ही."

पण चालण्याआधी ते बसायला तर हवं, आणि तिथेच घोडं अडत होतं. विश्वस्त म्हणाले, एवढा खर्च एकदम कशाला, आहे तो बॉयलर काय वाईट आहे? वीज कंपनीच्या कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन चिमणीच्या चपला झिजल्या. स्वतःची वीज स्वतः करणारं गिऱ्हाईक तिथे कुणाला हवं असतं? डॉक्टरांना आवाजाची धास्ती. हिशेब बघणाऱ्यांना गॅस महागण्याची धास्ती. अधीक्षक साहेबांचा प्रश्न सगळ्यांत सोपा होता: "आपल्यासारख्या कुणी आधी बसवलंय का हे?" कुणी बसवलेलं नाही म्हणून ते धोक्याचं, आणि धोक्याचं म्हणून कुणी बसवत नाही. असल्या चक्रात एखादा वेडा होईल. चिमणी चिवट झाली. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन बसली, ज्याची त्याची शंका ऐकून घेतली, न कंटाळता समजावत राहिली. शेवटी विश्वस्त मंडळ म्हणालं, या एका इस्पितळात बसवू, वर्षभर पाहू. नीट चाललं तर बाकीच्या तीन ठिकाणी. नाही चाललं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

साऱ्या जगाची मनधरणी करणाऱ्या या मुलीने एका माणसाला मात्र काही विचारलं नाही. काकांना तिने फक्त सांगितलं: नवं यंत्र सुरू झालं की जुना बॉयलर बंद करायचा, गार ठेवायचा, अडीनडीला म्हणून नुसता उभा. काकांनी मान डोलावली. काका काय, घरचेच होते.

यंत्र आलं, बसलं, सुरू झालं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. आणि काकांचा बॉयलर विझला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. गार होता. काकांच्या डोळ्यांपुढे तो टब यायला लागला. हे नवं इंजिन उद्या बंद पडलं तर? काही दिवस त्यांनी कळ काढली. मग एका दुपारी जुन्या बॉयलरचा लाइनला जोडलेला व्हॉल्व्ह त्यांनी किंचित उघडला. बोटभर. म्हणजे नव्या यंत्राच्या गरम पाण्याची बारीक धार बॉयलरमधून फिरून परतीच्या पाइपात जाईल आणि बॉयलर कोमट राहील. आग नाही, धूर नाही, कुणाच्या नजरेला यायचं कारण नाही. कुणाचं काही बिघडत नाही, असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे असं त्यांनी वाटून घेतलं, कारण नुसतं वाटलं असतं तर त्यांनी चिमणीला सांगितलं असतं.

काही दिवसांनी थ्री-इन-वन बंद पडायला लागलं. थंडी असली, वर पाण्याला ओढ असली की नीट चालायचं. हवा जरा तापली की भोंगा वाजायचा आणि इंजिन आपोआप थांबायचं. दर वेळी कारण एकच: परतीचं पाणी गरम. त्या इंजिनाची रीत अशी की वर जाऊन, उष्णता देऊन, निवलेलं पाणी परत आलं तरच त्याचा ताप उतरतो. पाणी गरमच परत आलं तर ते तापतं आणि जीव वाचवायला गप्प होतं. पाणी गरम का येतंय, हे मात्र कुणालाच कळेना.

इंजिन थांबलं की काका धावत जाऊन जुना बॉयलर पेटवायचे. तो कोमट असायचाच, झटकन तापायचा. वर कुणाला पत्ताही लागायचा नाही. "बघा, शेवटी कोण उपयोगी पडलं?" असं ते धुलाईखान्यातल्या बायकांना ऐकवायचे. आपणच लावलेली आग विझवून आपण शाबासकी घेतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

यंत्राच्या कंपनीने एक मेकॅनिक नेमून दिला होता. तिशीतला, बोलका, शीळ घालत काम करणारा. इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावायचा आणि म्हणायचा, "झकास आहे हो काका. हिच्या पोटात काही नाही." त्याने करायचं म्हणून काही बाकी ठेवलं नाही. तापमान मोजणारा सेन्सर बदलला, पंप उघडून परत बसवला, परतीची लाइन साफ केली. दुपारी काकांच्या बाकावर बसून डबा खायचा, आपल्यातलं काकांना वाढायचा, काकूंच्या हाताला दाद द्यायचा. बायकांसमोर सांगता येणार नाहीत असले विनोद सांगून काकांना ठसका लावायचा. काकांना तो मनापासून आवडायचा. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्यामुळेच पुढचं जास्त वाईट आहे.

एक दिवस तेलकट हात पुसत त्याने विचारलं, "काका, जुना बॉयलर लाइनमधून पूर्ण तोडलाय ना? व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे?"

"घट्ट," काका म्हणाले.

"एकदा बघून घेऊ का?"

"अरे, खोली माझी आहे. मी सांगतोय ना."

"मग झालं तर. तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही," असं म्हणून तो पुन्हा पंप उघडायला गेला.

खोटं बोलायचं म्हणून काका बोलले नव्हते. बोटभर धारेचा आणि एवढ्या धुडाचा काय संबंध, उगीच चिमणीच्या कानावर गेलं तर बंद करायला लावेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण तोंडातून गेलं ते खोटंच. त्याला दुसरं नाव नाही.

यंत्र बंद पडतच राहिलं. मंडळात कुजबुज सुरू झाली. अधीक्षक साहेब "मी म्हणत होतो" हे न बोलताही सगळ्यांना ऐकू येईल असं तोंड करून फिरायला लागले. चिमणीचं जेवणावरचं लक्ष उडालं. रविवारी घरी आली तरी ताटात बोटाने पाइपांची चित्रं काढत बसायची. काकूंनी काकांना टोचलं, "एवढी वर्षं पाण्यात आणि वाफेत काढलीत, पोरीला मदत करा की." काका म्हणाले, "इंजिनातलं मला काय कळतंय?" शेवटी खापर कुणाच्या तरी माथी फुटणारच होतं. चिमणीने कंपनीकडे तक्रार केली की या मेकॅनिकला यंत्राची समज नाही, दुसरा माणूस द्या. तिला प्रामाणिकपणे तसंच वाटत होतं. कंपनीलाही यंत्र वाईट ठरण्यापेक्षा माणूस वाईट ठरलेला सोयीचा होता. त्याला काढून टाकलं.

निरोप घ्यायला तो खाली आला. शीळ नव्हती. "नव्या माणसाला सांगा काका, आवाजावर शंका घेऊ नको म्हणावं. इंजिन चांगलं आहे."

काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "होईल सगळं नीट," ते म्हणाले. तो गेला आणि काकांनी वळून बॉयलरला हात लावला. कोमट होता. त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर काकांच्या सासरी गेलेल्या मुलीचं बाळंतपण आलं. काका-काकू तिच्याकडे जायला निघाले. उबेवर ठेवलेला बॉयलर बदलीच्या माणसाच्या भरवशावर सोडायचा नाही, त्याच्यावर नजर ठेवावी लागते, हाही काकांचाच नियम. म्हणून निघताना त्यांनी तो व्हॉल्व्ह घट्ट पिळून बंद केला. योगायोग असा की त्याच आठवड्यात चिमणीने, आता शेवटचा प्रयत्न म्हणून, पंपांचा वेग बदलून पाहिला.

नातीला बघून काका परत आले तर धुलाईखान्यात हशा पिकला होता. "काका, तुमची पाठ फिरली आणि थ्री-इन-वन शहाण्यासारखं चालायला लागलं. एकदा म्हणून बंद पडलं नाही. तुमचीच दृष्ट लागते वाटतं त्याला!" काकाही हसले. हसत हसत खोलीत गेले. बॉयलर गार लागला. सवयीच्या हाताने व्हॉल्व्ह बोटभर उघडला आणि डबा सोडून जेवायला बसले. डबा संपायच्या आत भोंगा वाजला.

काकांचा घास तोंडातच राहिला. या वेळी ते बॉयलर पेटवायला धावले नाहीत. उठले, व्हॉल्व्ह बंद केला आणि परतीच्या पाइपावर तळहात ठेवून उभे राहिले. पाइप हळूहळू निवत गेला. पलीकडे कुणीतरी इंजिन पुन्हा सुरू केलं. ते संध्याकाळपर्यंत चाललं, दुसऱ्या दिवशी चाललं, त्यानंतरही चालत राहिलं. यंत्र कधी बिघडलंच नव्हतं. सेन्सर चांगला होता, पंप चांगला होता, माणूसही चांगला होता. बिघाड बाकावर बसून त्याच्या डब्यातलं खात होता.

आता सरळ माणूस काय करतो? जाऊन सांगून मोकळा होतो. काका जन्मभर सरळ वागले होते, आणि तरी ते गेले नाहीत. चिमणीचा चेहरा किती महिन्यांनी उजळला होता! आपण पंपांचा वेग बदलला म्हणून यंत्र वठणीवर आलं, असं ती धरून चालली होती. अधीक्षक साहेब तिला वाटेत थांबवून शाबासकी देत होते. हा आनंद तिच्या हातून कोणत्या तोंडाने काढून घ्यायचा? व्हॉल्व्ह तर आता बंद केलाच आहे, झालं गेलं विसरावं, अशी काका मनाची समजूत घालायचे, आणि मन काही केल्या समजूत घालून घ्यायचं नाही. जेवायला बसलं की बाकाची रिकामी बाजू दिसायची. वरून कुणी शीळ घालत गेलं की मान झटकन पायऱ्यांकडे वळायची. काकू विचारायच्या, "पोटात दुखतंय का?" काका "हो" म्हणायचे, आणि नसलेल्या दुखण्याचं कडू औषध निमूट प्यायचे.

मग एका रविवारी चिमणी आली ती जिना चढतानाच हाका मारत. मंडळाची बैठक ठरली होती.

"काका, तिन्ही इमारतींना मंजुरी मिळणार! मी सगळं मांडणार आहे. पंपांचं गणित पहिल्यापासून चुकवून ठेवलं होतं त्या मेकॅनिकने. तसं कंपनीला लेखी कळवणार, म्हणजे असला माणूस पुन्हा कुणाच्या गळ्यात मारणार नाहीत. आणि तिन्हीकडे माझाच पंपांचा वेग लावायचा. तिथल्या बॉयलरवाल्यांना तेवढं तुम्ही सांगा, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत."

काकूंनी चहाचे कप आणून ठेवले. तिथले बॉयलरवाले! तिघंही काकांच्या हाताखाली तयार झालेले. नवं यंत्र बसलं की तिघंही काय करतील हे काकांना डोळे मिटूनही दिसत होतं. आणि तिथेही कुणीतरी मेकॅनिक असेलच.

"ते उघडतील," काका म्हणाले.

"काय उघडतील?"

"व्हॉल्व्ह. जुन्या बॉयलरचा. थोडासा. तो उबेवर राहावा म्हणून. मी ठेवला होता तसा."

चिमणी आधी हसली. मग तिचं हसू तिथेच विरलं. इंजिनिअरच ती, फोड करून सांगावं लागलं नाही. तिने कप खाली ठेवला.

"कधीपासून?"

"टाळ्या वाजल्या त्याच आठवड्यापासून. तुझ्या ताईच्या बाळंतपणाला गेलो तेव्हा बंद केला. आल्यावर परत उघडला आणि तुझं यंत्र पडलं. तेव्हा मला कळलं. त्यानंतर हात लावलेला नाही."

"म्हणजे पंपांचा वेग..."

"त्याचा काही संबंध नाही गं."

तिने हळूच विचारलं, "त्याने तुम्हाला विचारलं होतं? मेकॅनिकने?"

"विचारलं होतं. मी म्हटलं, घट्ट बंद आहे."

"अहो..." काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

चिमणी उठून खिडकीशी गेली. "मला एकदा विचारायचंत काका. एकदा."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मी तुम्हाला समजावलं असतं!"

"समजावलं नाहीस," काका म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना जीभ चावावीशी वाटली. "तसं नाही म्हणायचं मला. चूक माझी आहे. तुझ्यावर ढकलत नाहीये."

ती वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "वीज कंपनीच्या शिपायालासुद्धा समजावलं मी. तुमच्याकडे नाही आले. म्हटलं, काकांचं काय, काका आपलेच." तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "त्या माणसाची नोकरी मी घालवली. माझ्या तोंडाने. आता हे मी कुठे नेऊन ठेवू, सांगा."

चहा कुणीच प्यायलं नाही.

बैठकीत काका स्वतः उभे राहिले. त्या गुळगुळीत टेबलाच्या खोलीत ते पहिल्यांदाच गेले होते. आपल्याला शिक्षा व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. चारचौघांत कुणी खरडपट्टी काढली असती तरी जीव हलका झाला असता. त्यांनी काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. एक विश्वस्त खो खो हसायला लागले. "म्हणजे आपण तज्ज्ञ बोलावून थकलो, आणि हे काका खाली बसून बॉयलर उबवत होते होय!" सगळी खोली हसली. त्यांच्या दृष्टीने हसण्यासारखंच होतं, यंत्र चांगलं निघालं होतं आणि कुणाच्याच निर्णयाला बोल लागणार नव्हता. अधीक्षक साहेब कौतुकाने म्हणाले, "जुनी माणसं अशीच. जीव लावतात कामाला." व्हॉल्व्हला कुलूप लावायचं ठरलं. तिन्ही बॉयलरवाल्यांशी चिमणीने स्वतः जाऊन बोलायचं ठरलं. मंजुरी मिळाली, चहा आला.

"आणि तो मेकॅनिक?" काकांनी विचारलं.

"ते त्यांच्या कंपनीचं आपसातलं आहे हो," अधीक्षक म्हणाले. "तुम्ही नका एवढं मनाला लावून घेऊ. बिस्कीट घ्या."

काकांनी बिस्कीट घेतलं नाही. एवढ्या लोकांनी मिळून त्यांना माफ केलं होतं, आणि त्यातल्या एकाचंही काही गेलेलं नव्हतं. चिमणी तेवढी हसली नव्हती. तिने त्याच दिवशी कंपनीला कळवलं की आपली तक्रार चुकीची होती. कंपनीने आभार मानले आणि ती जागा आता भरली आहे असं कळवलं.

"मी येते तुमच्याबरोबर त्याच्या घरी," ती म्हणाली.

"तू मागून जा. आधी मला जाऊ दे."

मेकॅनिकचं घर एका इमारतीच्या मागच्या बाजूला, तळमजल्यावर होतं. समोरासमोर खिडक्या, मधे कपडे वाळत घातलेलं अरुंद अंगण. दारातच पाण्याच्या दोन-तीन मोटारी उघडून ठेवलेल्या होत्या. आता तो घरोघरी जाऊन त्या दुरुस्त करायचा. काकांना बघून तो ताडकन उठला. "काका! इकडे कसे काय? या ना, आत या."

काका आत गेले नाहीत. बसले तर बोलता येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. दारात उभ्या उभ्या त्यांनी वाटभर जुळवत आणलेलं सगळं सांगून टाकलं. व्हॉल्व्ह उघडा होता. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. कळल्यावरही गप्प बसलो. "आता तू मला हाकलून दे, नाही ते बोल. मी ऐकून घेईन," असंही म्हणाले.

तो हातात पाना धरून ऐकत होता. काकांचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे ती चालतेय?"

"कोण?"

"मशीन. न थांबता चालतेय?"

"चालतेय. त्यानंतर एकदाही थांबली नाही."

त्याचा चेहरा असा फुलला की काकांना बघवेना. रागाची तयारी करून ते आले होते, याची नव्हती. "मी सांगत नव्हतो!" तो ओरडलाच. "आवाजच सांगत होता तिचा! अगं, बाहेर ये. हातातलं टाक आणि ये."

त्याची बायको हात पुसत बाहेर आली. "हे इस्पितळातले काका. काका, हिला सांगा. मला सांगितलंत तसंच सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं. या वेळी शब्द अडखळले. तिचा चेहरा नवऱ्यासारखा फुलला नाही.

"म्हणजे ह्यांचं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"काही नाही."

"मी रोज बोलत होते ह्यांना." ती नवऱ्याकडे बघत होती. "मन लावून काम केलं असतंत तर ही वेळ आली नसती म्हणून. जेवायला बसले तरी सोडत नव्हते." मग काकांकडे न बघता म्हणाली, "बसा. पाणी आणते."

आपण एका माणसाची नोकरी घालवली, एवढंच ओझं घेऊन काका आले होते. या घरात रोज जेवताना काय झालं असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आतून खोकल्याचा आवाज आला. "कोण आलंय रे?"

"बाबा," मेकॅनिक म्हणाला. त्याने काकांचा हात धरला, अगदी आपल्या माणसाचा धरावा तसा, आणि त्यांना आत नेलं. "एवढं बाबांना सांगून टाका काका. आल्यागेल्याला सांगत बसतात, पोराने इस्पितळाचं यंत्र मोडलं म्हणून. माझं त्यांना पटत नाही. जरा मोठ्याने बोला हं, कमी ऐकू येतं त्यांना."

खाटेवर एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. त्याने कानामागे तळहात धरला. काका खाटेच्या कडेला बसले आणि बोलायला लागले.

"मोठ्याने," म्हातारा म्हणाला.

काकांनी आवाज चढवला. जन्मात त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता, बॉयलरच्या घरघरीतही ते हळूच बोलायचे. अंगणापलीकडची एक खिडकी उघडली, मग शेजारची. कपडे वाळत घालणारी बाई चिमटा हातात धरून थांबली. काका ओरडून ओरडून सांगत होते: बॉयलर बंद ठेवायचा होता, व्हॉल्व्ह उघडा होता, पोराने विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. प्रत्येक वाक्याला म्हातारा मान हलवायचा आणि पुढे झुकायचा.

"कुणी उघडा ठेवला म्हणता?" त्याने विचारलं.

"मी!"

"कोण?"

"मी ठेवला होता," काका होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले. "तुमच्या मुलाने नाही. मी."